पायरीवरून परतलेली बाळंतीण

(पाटलाच्या घराची ओसरी. अंगणात सामानानं भरलेली बंडी. बैल अजून जुंपायचे आहेत.)

भागीरथाबाई : तुले कोणी नीट सांगतलंच नसन, मारोत्या. मी सांगतो, मी तिथं उभी होती. गावच्या सुवासिनी संगं, पुढं डफडं, माह्या हातात खणा-नारळाचं ताट. अन् तुही भावजय इहिरीच्या पयल्या पायरीपर्यंत आली, खाली पायलं, अन् तिथूनच फिरली! बाळंतीण पाणी न पुजता फिरली! कोण्या गावात असं झालं असन तं मले दाखव.

मारोतराव : ऐकलं मी, माय. जाऊ दे.

भागीरथाबाई : काय जाऊ दे? रीत हाय ते. लेकरू सव्वा महिन्याचं झालं का बाळंतिणीनं इहिरीले हळद-कुंकू लावायचं, नारळ वाहायचा, भरली घागर डोक्यावर घेऊन घरी यायचं. मंगच चुलीले हात. तुह्या वेळेस मी पुजलं, किसनच्या वेळेस पुजलं. तुही बायको पुजून आली. अन् हे महाराणी! पदर खोचून म्हणते कशी, "ज्या पाण्यानं माह्या नवऱ्याचा पाय खाल्ला त्या पाण्याले मी कुंकू नाही लावत." डफडंवाल्यानं वाजवणं बंद केलं, बापा. अन् मी ताट घेऊन उभी, जशी काही भीक मागाले आली.

मारोतराव : बरं, पण आता चालली ना ते? किसनले घेऊन चालली भावाच्या गावी, पांढरकवड्याले. बंडी भरली. तू तिच्या तोंडी नको लागू. ऊन व्हायच्या आत निघू दे त्यायले.

भागीरथाबाई : तुले मोठी घाई! सख्खा भाऊ गाव सोडून चालला, अन् हा बैल जुंपायले पुढं.

मारोतराव : मी का हाकलून राह्यलो त्याले? त्याचंच मन उठलं. अन् या मुलखात राह्यलं काय आता, तूच सांग. राजधानी होती नागपुरात, तवा दोन दिवसांत साहेबापुढं उभं राहता ये. आता सरकार गेलं मुंबईले. आपला अर्ज तिथं पोचेपर्यंत उधई खाते त्याले. सडक नाही, शाळेवर कवेलू नाही. लोक कायच्यासाठी राहतीन?

भागीरथाबाई : सरकार मुंबईले गेलं ना? मंग जाता जाता नारू संगं घेऊन जायचा होता त्यायनं. तो काहून ठेवला आमच्यासाठी?

मारोतराव : तेच म्हणतो मी. मुलूखच तसा.

भागीरथाबाई : मुलूखाले नको नाव ठेवू. मुलूख तोच हाय जो तुह्या आज्याचा होता. माणसं फिरले. तो रामलाल तेली गेला दारव्ह्याले, म्हणे घाण्याले गिऱ्हाईक नाही. काहून, गाव काय कोरड्या भाकरी खाऊन राह्यलं? हरिसिंग नायकानं तांडाच उठवला, गेला उमरखेडच्या अंगानं, म्हणे गुरायले चराई नाही. अन् त्याच रानात आता दुसऱ्या गावचे गुरं चरतेत, मस्त फुगले हायत. सुखीबाईचे पोट्टे गेले, म्हणे वावर बरड. त्याच बरडावर त्यायच्या बापानं चार पोरींचे लगन केले. एकाचं कारण ऐकावं तं दुसऱ्यापेक्षा पोकळ. आधी मन उडते, मंग कारण शोधाले निघते माणूस.

मारोतराव : जाणारे गेले. आपण काय करणार?

भागीरथाबाई : अन् जाताना एक बी माह्या पाया पडून गेला नाही. तो तेली तं समोरून गेला, तोंड फिरवून. मी म्हणलं, मातला. पण जे राह्यले ते मान ठेवतेत हो. इहिरीवर गेली ना मी, तं बायाच धावतेत. "पाटलीणबाई, तुम्ही नका उतरू, आणा घागर, आम्ही भरून देतो." पायरीले पाय लावू देत नाहीत मले. माह्या सासऱ्यानं बांधली ते इहीर, ध्यानात हाय त्यायच्या. अन् एक हे, घरातली, माह्या हाताचं खाल्लेली! बोलाव तिले.

मारोतराव : कायले, माय? उगाच रडारड होईन.

भागीरथाबाई : बोलाव म्हणलं ना? नाही तं राहू दे, माहा गळा काही बसला नाही. शकू! ए शकू! बंडीतलं सोड अन् इकडं ये. किसनले म्हणा बसून राह्य तिथंच, पाय नको टेकवू.

शकुबाई : काय आत्याबाई?

भागीरथाबाई : डोक्यावर पदर घे, तुहे भासरे बसले हायत.

शकुबाई : घेतला हाय.

भागीरथाबाई : बंडीत काय काय टाकलं?

शकुबाई : आमची खाट, दोन कोठ्या, लेकराचा पाळणा. तवा माह्या माहेरचा होता, तो घेतला. जातं तुमचं हाय, ते तिथंच हाय.

भागीरथाबाई : जात्याचं कोण विचारून राह्यलं तुले? अन् ते पाणी गाळायचं फडकं? ते घेतलं का? ते नको विसरू. दारव्ह्याच्या मारवाड्याची सून शोभते तू, घागरीच्या तोंडाले फडकं बांधणारी. माणूस पेते का मुंग्या पेतेत तुह्या घरी?

शकुबाई : घेतलं.

भागीरथाबाई : बोलणं तं पाय! चार अक्षरात. अन् काल गावापुढं जीभ अशी चालली का जसा पिंपळाचा पाला. तुले समजते का, तू काय केलं? ते इहीर तुह्या आजेसासऱ्याच्या घामाची हाय. खाली दगड फोडाले ज्या सालात माणसं मिळत नव्हते त्या सालात त्यानं ते इहीर काढली. बैल इकले. पायऱ्या अशा बांधल्या का बाई घागर घेऊन डुलत खाली जाईन अन् डुलत वर येईन, दोर नाही का हाताले फोड नाही. अन् तू म्हणते कुंकू नाही लावत!

शकुबाई : मी त्यायले काही नाही म्हणलं, आत्याबाई. बांधणाऱ्याले नाव नाही ठेवलं मी.

भागीरथाबाई : मंग कोणाले ठेवलं? देवाले? नारू काय आजचा हाय? माह्या पोटरीतून निघाला तवा हा मारोत्या पोटात होता. काडीले गुंडाळला, रोज थोडा थोडा ओढला, अन् काडी पायाले बांधून गवऱ्या थापल्या मी. माह्या सासूनं तं घोट्यातल्या दोन काड्या संगं घेऊन कापूस येचला. कोणी गाव नाही सोडलं.

शकुबाई : यायचा तुटला, आत्याबाई. ओढता ओढता आतच तुटला. पाय किती सुजला ते तुम्ही पायलं. गेली पेरणी खाटेवर गेली, हे बी पेरणी खाटेवर चालली. मागच्या साली माह्या भावानं येऊन पेरून देलं. यंदा कोण देईन?

भागीरथाबाई : मारोती नाही का? भाऊ नाही का त्याचा?

शकुबाई : त्यायले विचारा.

मारोतराव : माह्या मागं गावाचा कारभार हाय, माय. सरपंचाले काय स्वतःचं वावर पायता येते? माहंच अर्धं पडीक हाय.

भागीरथाबाई : बरं, ते राहू दे. तुमचं दुखणं मी समजतो, मी का दगड हाय? पण दुखणं घरात सांगायचं असते. मले सांगायचं होतं. "आत्याबाई, मले पाणी पुजायचं नाही." मी दोन शिव्या देल्या असत्या, अन् झालं असतं. माह्या हातात ताट देऊन, गावच्या बाया गोळा करून, डफडं लावून नाही म्हणायचं? हे नाक कापणं नाही तं काय?

शकुबाई : घरात बोलता येत नव्हतं.

भागीरथाबाई : काहून? मी खाल्लं असतं का तुले? अन् तो आरोग्यवाला साहेब आलता दोन सालामागं, त्यानं तुह्या डोक्यात भरवलं ना हे फडक्याचं खूळ? लोटाभर पाणी उन्हात धरलं, काय ते बारीक किडे दाखवले बायायले, चहा पेला अन् गेला. पुन्हा तोंड दाखवलं नाही. असे साहेब का तुमचे नारू काढणार?

शकुबाई : तो गेला नाही, आत्याबाई. त्याले पाठवलं.

भागीरथाबाई : कोणं पाठवलं?

मारोतराव : माय, बैल तहानले हायत. मी जरा—

भागीरथाबाई : बस खाली. बैल थांबतीन घडीभर. कोणं पाठवलं, शकू?

शकुबाई : मले नका विचारू. तुमच्या पाया पडतो. आमची बंडी निघून जाऊ द्या, मंग ज्याले विचारायचं त्याले विचारा.

भागीरथाबाई : मी आता विचारून राह्यली.

शकुबाई : मी सांगतलं अन् तुम्ही जिवाचं काही केलं तं? लोक म्हणतीन, जाता जाता सासूले मारून गेली.

भागीरथाबाई : मी? जिवाचं? कायले करीन वं मी जिवाचं? मले काय झालं? अजून दोन भाकरी चावून खातो मी. मारोत्या, हे काय बोलून राह्यली?

मारोतराव : बाळंतीण हाय. वारं गेलं असन डोक्यात. शकू, जाय तू, लेकरू रडून राह्यलं.

शकुबाई : लेकरू झोपलं हाय, भाऊजी.

भागीरथाबाई : अगं माय! भासऱ्याशी समोरासमोर बोलली! सात साल झाले या घरात, कधी शब्द नाही. बोल, बोल आता. मोडलीच हाय रीत तं पुरी मोड.

शकुबाई : त्या साहेबानं सांगतलं होतं, पायऱ्या बुजवा. पायऱ्यांवरून माणूस पाण्यात उतरते, दुखरा पाय थंड कराले पाण्यात सोडून बसते, अन् त्या पायातला नारू पाण्यात पिल्लं टाकते. तेच पाणी गाव पेते, अन् पुढच्या सालात निघते पायातून. पायऱ्या बुजवून वरून कठडा बांधायचा, रहाट लावायचा, कोणाचा पायच पाण्याले लागू द्यायचा नाही. बस. सिमेट सरकारचं, गवंडी सरकारचा. गावानं फक्त हो म्हणायचं होतं.

भागीरथाबाई : मंग? गाव नाही म्हणलं?

शकुबाई : गाव हो म्हणलं. रामलालकाका तं सगळ्याच्या आधी. तांड्यावरचे बी. पण भाऊजीनं चावडीवर सांगतलं, का माह्या मायनं शपथ घेतली हाय. "सासऱ्यानं बांधलेली एक पायरी जरी बुजवली तं मी त्याच इहिरीत उडी घेईन." असं तुम्ही म्हणल्या.

भागीरथाबाई : मी म्हणली?

शकुबाई : साहेबापुढं डोळ्यात पाणी आणून सांगतलं त्यायनं. साहेब तरणाच होता, भेला. बुढीचा जीव गेला तं नोकरी जाईन म्हणला, अन् ते काम दुसऱ्या गावाले देलं. अन् आमाले सगळ्यायले ताकीद, घरात या गोष्टीचं नाव काढायचं नाही. बुढीच्या कानावर गेलं का ते तडक इहिरीवर जाईन.

भागीरथाबाई : मी ... उडी ... अरे, मले पाण्याचं भेव हाय हे सारं माहेर जाणते! नदी ओलांडताना मी डोळे मिटून बंडीत बसतो. अन् मी उडी घेणार? मारोत्या, इकडं पाय. माह्या तोंडाकडं पाय. जोड्याकडं नको पाहू.

मारोतराव : माय, तू समजून घे. तसंच म्हणलं असतं तू. मी विचारलं असतं तं तू पायऱ्या बुजवू देल्या असत्या का?

भागीरथाबाई : विचारलं असतं तं काय म्हणली असती ते माहं मी पायलं असतं. नाही म्हणली असती तं नाही म्हणली असती, भांडली असती त्या साहेबाशी, चार गोष्टी त्यानं ऐकवल्या असत्या, चार मी. पण तू विचारलंच कुठी? तू माह्या तोंडात तुही जीभ घातली.

मारोतराव : खालच्या पायरीवर आज्याचं नाव कोरलं हाय. पायऱ्या बुजल्या का नाव मातीत गेलं. अन् या गावात आपल्याले कोणी विचारते, ते त्या नावानं. परवा पंचायतीची निवड झाली, लोकायनं कायले हात वर केले? त्या दगडाकडं पाहून. तो दगड गेला का पाटलाचं घर अन् तेल्याचं घर सारखं.

भागीरथाबाई : मंग असं म्हणायचं होतं! चावडीवर उभं राहून छातीवर हात ठेवून म्हणायचं होतं, "मी सरपंच, मले माह्या आज्याचं नाव पाहिजे, तुमचे पाय सडले तं सडू द्या." हिंमत नव्हती?

मारोतराव : माह्याशी लोक भांडले असते. तुह्याशी कोणी भांडत नाही, माय. तुहा मान हाय म्हणून तं—

भागीरथाबाई : म्हणून मले इहिरीत ढकललं. जितीले. पोटच्या पोरानं ढकललं, अन् गावभर सांगत फिरला, का बुढी आपल्या मनानं उडी घेते. थांब. थांब जरा. शकू, त्या बाया ... माह्या हातची घागर घेतेत त्या ... बोल. आता तुह्याशिवाय कोणी खरं बोलणार नाही मले.

शकुबाई : भेतेत त्या, आत्याबाई. तुम्ही खाली उतरल्या अन् तोल टाकला तं? म्हणून तुमाले वरच थांबवतेत. तुम्ही घागर घेऊन निघाल्या का जमनी नाही तं रुपीबाई, कोणी ना कोणी मागं येते. पाळी लावली हाय बायायनं.

भागीरथाबाई : पाळी लावली. अन् मी मान ताठ करून चालत होती. म्हणत होती, पाय कशा माह्या मागं येतेत. अरे देवा. बैलाले झूल घालून फिरवतेत ना पोळ्याले, त्याले वाटते सारं गाव माह्यासाठी नटलं. तसं झालं माहं. दोन साल मी मिरवली, अन् बाया पदरात तोंड घालून एकमेकीले म्हणत असतीन, हे पाय, हे बुढी आपले पोट्टे लंगडे करून राह्यली अन् वरून पायरीवर उभी राहते!

शकुबाई : काही म्हणत होत्या.

भागीरथाबाई : तो तेली? तोंड फिरवून गेला तो?

शकुबाई : त्यायच्या लेकीच्या गुडघ्यात नारू तुटला होता, आत्याबाई. पाय वाकडा झाला. सोयरीक मोडली तिची. ते तुमच्या पाया काहून पडतीन?

भागीरथाबाई : अन् मले म्हणे घाण्याले गिऱ्हाईक नाही.

शकुबाई : तुमाले काय सांगतीन? खरं सांगतलं तं तुम्ही उडी घ्याल. सगळ्यायनं दुसरं काही सांगतलं. कोणी चराई म्हणलं, कोणी बरड म्हणलं.

मारोतराव : आता झालं ना हे सगळं? जे झालं ते झालं. मी वाईट, बस. घरातली गोष्ट घरात राहू दे. शकू, तुह्या मनासारखं झालं, आता निघा.

भागीरथाबाई : अजून नाही झालं. मारोत्या, तुही चूल वेगळी. तुह्या घरात पाणी कुठून येते?

मारोतराव : म्हणजे?

भागीरथाबाई : तुही बायको गावच्या इहिरीवर येत नाही. मी समजत होती, नखरे हायत पाटलीणबाईचे, चार बायांत उभं राह्याची लाज वाटते. गडी मळ्यातल्या इहिरीचं पाणी कावडीनं आणून टाकते तुह्या रांजणात. त्या इहिरीले पायरी नाही. रहाट हाय. कधीपासून आणते तो?

मारोतराव : ते ... पाणी गोड हाय तिथलं.

भागीरथाबाई : मी चव नाही विचारली. कधीपासून?

मारोतराव : असन दोनेक साल.

भागीरथाबाई : साहेब आला तवापासून.

मारोतराव : माय, लहान लहान लेकरं हायत माह्या घरात.

भागीरथाबाई : बापा रे! म्हणजे तुले पटलं होतं. त्या साहेबाचं बोलणं या गावात सगळ्याच्या आधी तुलेच पटलं होतं! भोळा असता, अडाणी असता, माह्यासारखा, तं मी म्हणली असती जाऊ दे, आपलंच हाय. पण तुले पुरं समजलं अन् मंग तू आपला रांजण तेवढा हलवला. भाऊ त्याच पाण्यावर ठेवला. माय त्याच पाण्यावर ठेवली. तुही माय कोण्या पाण्याची भाजी खाते ते तुले दोन साल दिसत नव्हतं?

मारोतराव : तुले नारू होऊन गेला होता ना एकदा, मी म्हणलं आता—

भागीरथाबाई : चूप! आणखी एक शब्द बोलला तं अंगणात नेऊन बोलीन मी, रस्त्याच्या लोकायले ऐकू जाईन असं. आता ऐक. मळ्यातला रहाट काढ. आजच काढ. गावच्या इहिरीवर लावायचा तो.

मारोतराव : असा कसा लागन? कठडा लागते, गवंडी लागते. मंजुरी तं त्या गावाले गेली. आता पुन्हा अर्ज करावा लागन, वरून पाहणी येईन—

भागीरथाबाई : काटे टाकाले मंजुरी लागते का रे? बोराटीचे काटे? वावराच्या वाटेले काट्याच्या फांद्या लावतेत ना ढोरं येऊ नये म्हणून? तसे वरच्या पायरीपासून खालपर्यंत काटे भरायचे. गच्च. कुत्रं उतरणार नाही असे. वरून दोन मोठे लाकडं आडवे, त्यावर रहाट. कठडा होईन तवा होईन. तुह्या सरकारले मुंबईहून येऊ दे बंडीत बसून, आम्ही पाणी वरून काढतो तवरोक.

मारोतराव : लोक काटे काढून टाकतीन. दोर ओढायची सवय नाही बायायले. शिव्या देतीन.

भागीरथाबाई : मले देतीन. मी तिथं बसणार हाय. सकाळी भाकर बांधून जाईन अन् पायरीच्या तोंडाशी बसीन. बाया घागर घ्याले येतीन ना माह्या हातची, तं मी सांगीन एकेकीले, बाई, माह्या पोरानं खोटं सांगतलं. मी कधी शपथ घेतली नाही. घे, ओढ दोर.

मारोतराव : गावापुढं असं सांगशीन? अन् मी उद्या चावडीवर बसू कसा?

भागीरथाबाई : नको बसू. उभा राह्य. पाय धडके हायत तुहे.

मारोतराव : माय—

भागीरथाबाई : जाय, रहाट काढ. गडी नको पाठवू, सोता जाय. गेला तो, पाय, धोतराचा सोगा जमिनीवर लोळून राह्यला अन् ध्यान नाही. शकू.

शकुबाई : जी.

भागीरथाबाई : किती दिवसापासून माहीत होतं तुले हे?

शकुबाई : पयल्या दिवसापासून. मले बी खरंच वाटलं होतं, तुम्ही म्हणल्या असन म्हणून. तुमचा स्वभाव ...

भागीरथाबाई : हो, माहा स्वभाव. कोणाले खोटं वाटलंच नाही, हेच मले जास्त लागून राह्यलं. मारोत्यानं गोष्ट रचली, पण माप माह्याच अंगाचं घेतलं.

शकुबाई : आत्याबाई, मंग ... आता काटे टाकणार अन् रहाट लागणार, तं आम्ही थांबू का? यायचं मन नाही जायचं. रात्रभर कूस बदलून राह्यले होते. बंडी खाली कराले वेळ नाही लागणार.

भागीरथाबाई : साहेब काय म्हणला होता? यंदाचं पाणी पुढच्या साली पायातून निघते?

शकुबाई : हो.

भागीरथाबाई : म्हणजे गावाच्या पोटात पुढच्या सालचा नारू आत्ताच बसला हाय. मी आज काटे टाकले तरी यंदा पेले ते पेले. लोक म्हणतीन, पाय, काटे टाकून बी नारू निघाला, बुढी खोटी. मंग काटे उचलतीन, मी पुन्हा टाकीन, पुन्हा भांडण. हे काम एका उन्हाळ्याचं नाही, सालोसालचं हाय. तवरोक किसनचा दुसरा पाय जाईन. नको. तुम्ही जा.

शकुबाई : मंग तुम्ही बी चला. माह्या भावानं म्हणलं हाय, आत्याबाईले घेऊन ये. सडकेच्या काठाले घर हाय, दिवसभर मोटरा जातेत. करमते. पाणी चांगलं हाय.

भागीरथाबाई : अन् मागं लोक काय म्हणतीन? उडी घेतो म्हणे, अन् बंडीत बसून पळाली! नाही, बाई. माहं नाव त्या पायरीवर पडलं हाय, ते उचलल्याबिगर मी कुठीच जात नाही. तू माही फिकीर नको करू. मले आता कामच भेटलं, मस्त भांडायचं.

शकुबाई : पाणी?

भागीरथाबाई : काय पाणी?

शकुबाई : तुम्ही कोणतं पेणार?

भागीरथाबाई : तुह्याकडं दुसरं फडकं असन तं ठेवून जाय. हसू नको. दात नको दाखवू, मी अजून राग सोडला नाही तुह्यावरचा. कसं बांधतेत ते, दुहेरी?

शकुबाई : चौपदरी. अन् गाळल्यावर फडकं झटकायचं नाही घागरीवर, बाजूले वाळूत पिळायचं.

भागीरथाबाई : एवढं करतेत? बरं. आण इकडं लेकरू. नजर लागन, पदराखाली घे त्याले. आजा अस्साच होता नाकानं. जाय आता, किसनले म्हणा बैल हळू हाक, खड्ड्यात पाय आदळू देऊ नको.

शकुबाई : आत्याबाई, पाया पडतो. काल मी जे केलं ...

भागीरथाबाई : थांब, उठ. काल तू जे केलं त्याचं मी कालपासून घरोघरी सांगून राह्यली, का या पोरीनं माहं नाक कापलं. आता तुह्या तोंडावर सांगतो, नाक तू नाही कापलं, अन् जे घरोघरी सांगतलं ते घरोघरी जाऊन खोडतो. या गावातून किती घरं उठले, शकू. मोठे मोठे मिशीवाले गेले. एकानं बी जाताना माह्याकडं पाहून खरं कारण सांगतलं नाही. तू सांगतलं. जाय.